दीड लाखाचा स्कॅनर घेण्याआधी

प्रश्न असा आला आहे: ‘आयटीआयमधून मेकॅनिक मोटर व्हेईकल केलं आणि दोन वर्षं वडिलांच्या गॅरेजमध्ये काम करतोय. बीएस-६ गाड्या, ऑटोमॅटिक गिअर, आता इलेक्ट्रिकही दारात यायला लागल्या. वडील म्हणतात, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं काम, आपण जुन्या गाड्याच करू. मी गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा दीड लाखाचा स्कॅनर घ्यावा म्हणतोय, त्यांना पटत नाही. आपल्यासारख्या गॅरेजला पुढे काम राहील का?’

माझ्या मुलाच्या वयाचा असशील, म्हणून अरे-तुरे करतो. कोल्हापुरात स्वतःचं गॅरेज चालवून मला अठ्ठावीस वर्षं झाली, त्याआधी तीन वर्षं उद्यमनगरात एका मिस्त्रींच्या हाताखाली हेल्पर होतो. काम राहील, भरपूर राहील. २०२० साली घेतलेल्या गाड्यांची वॉरंटी संपत आली किंवा संपली, आणि वॉरंटी संपली की मालक आपल्याकडे वळतो. स्कॅनरही घे. पण स्कॅनर ही तुझी शेवटची खरेदी असायला हवी, पहिली नाही. ज्या कामासाठी तू तो घ्यायला निघालायस, ते काम तो एकटा करत नाही. हे नीट कळावं म्हणून जरा लांबून सांगतो.

मी शिकलो तेव्हा दुरुस्ती म्हणजे खोलणं होतं. गाडी मिसिंग मारते म्हटलं की प्लग काढा, तारेच्या ब्रशनं घासा. पिकअप नाही म्हटलं की कार्बोरेटर उतरवा, पेट्रोलमध्ये धुवा, जेटमधून फुंकर मारा. अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीच्या पॉइंटचा गॅप फिलर गेजनं लावताना मिस्त्री म्हणायचे, ‘पान्याच्या आधी कान लाव.’ इंजिनाला पेट्रोल किती जायचं हे जेटच्या भोकावर ठरत होतं आणि ते भोक डोळ्यांना दिसत होतं. २०००च्या आसपास एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल फवारणं, आलं आणि तो हिशेब ईसीयूकडे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे गेला. हवा किती आत आली, इंजिन किती तापलंय, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय, सायलेन्सरमध्ये ऑक्सिजन किती उरलाय, हे सेन्सर त्याला सांगतात आणि इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे तो ठरवतो. धुराच्या बीएस-४ नियमांबरोबर २०१० नंतर टप्प्याटप्प्यानं ओबीडी, म्हणजे गाडीनं स्वतःचे दोष नोंदवायची सोय आली, स्टेअरिंगखालचं ते सोळा पिनांचं सॉकेट तिचंच. १ एप्रिल २०२० ला देशभर बीएस-६ लागू झालं, आणि १ एप्रिल २०२३ पासून गाडी रस्त्यावर चालताना प्रत्यक्षात काय सोडते हे धरणारा त्याचा दुसरा टप्पा आला. प्रत्येक टप्प्यात गाडीत सेन्सर वाढले. डोळ्यांना दिसणारा दोष कमी झाला आणि मोजावा लागणारा दोष वाढला.

आता स्कॅनरचं. एक सेडान आली होती. चेक लाइट लागलेली, आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना थरथर, अ‍ॅव्हरेज पडलेलं. आधी दोन ठिकाणी फिरून आली होती. पहिल्या ठिकाणी स्कॅनर लावला, पी०१७१ हा दोषाचा कोड आला, ऑक्सिजन सेन्सर बदलला. आठ दिवसांत लाइट परत. दुसऱ्या ठिकाणी परत तोच कोड, परत नवा ऑक्सिजन सेन्सर, वर इंजेक्टर क्लिनिंग. मालकाचे चौदा-पंधरा हजार गेले आणि गाडी होती तशीच.

पी०१७१ चा अर्थ एवढाच, की मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी आहे, आणि ईसीयूनं पेट्रोल वाढवून वाढवून त्याची मर्यादा संपलीय. कोणता पार्ट गेलाय हे त्या कोडमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. ऑक्सिजन सेन्सर खरं सांगत होता, आणि खरं सांगणाऱ्यालाच दोनदा बदललं गेलं.

मी कोड बाजूला ठेवला आणि लाइव्ह डेटामध्ये फ्युएल ट्रिम उघडला. मूळ हिशेबापेक्षा ईसीयू किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी देतोय, तो हा आकडा. निरोगी गाडीत तो शून्याच्या आजूबाजूला, फार तर पाच टक्के इकडेतिकडे असतो. या गाडीत शॉर्ट (त्या क्षणाचा) आणि लाँग (मुरलेला) मिळून आयडलला अधिक २४ होता. २५०० आरपीएमला धरून ठेवली, तर उतरत उतरत अधिक ६ वर आला. इथं निदान निम्मं झालं. आयडलला इंजिन हवाच थोडी ओढतं, त्यात बाहेरून चोरून शिरलेली हवा मोठी ठरते. आरपीएम वाढला की तीच गळती एकूण हवेत बुडून जाते. पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर उलटं झालं असतं, म्हणजे आयडलला बरं आणि लोडवर आकडा चढत गेला असता. स्मोक मशीननं मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनाला हवा नेणाऱ्या नळ्यांत धूर सोडला, आणि ब्रीदर पाइपच्या खालच्या अंगाला, जिथं हात पोचतो पण नजर पोचत नाही, तिथून पांढरी रेघ वर आली. रबरी पाइपला आडवी भेग होती. अडीचशे रुपयांचा पाइप.

यात एक बारकावा लक्षात ठेव. ही गाडी हवा थेट मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरची होती, म्हणून ट्रिम असा वागला. फक्त एमएपी, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत हीच गळती आयडल चढवून दाखवते, ट्रिम फारसा हलत नाही. म्हणून गाडी लिफ्टवर घेण्याआधी ती हवा कशानं मोजते हे बघायचं. हे स्कॅनर शिकवत नाही. ओबीडी सॉकेटला लागणारा काही शे रुपयांचा ब्लूटूथ डोंगल आणि मोबाइल यांनाही हाच ट्रिम दिसतो, तो वाचणारा माणूस महाग आहे.

दुसरी गाडी सांगतो, कारण तुझ्या वाट्याला या रोज येतील. पन्हाळ्याच्या बाजूचे एक शिक्षक गाडी टो करून घेऊन आले. सेल्फच मारत नव्हती. एका वर्कशॉपनं ‘ईसीयू गेला’ म्हणून साठ-सत्तर हजारांचं एस्टिमेट हातात दिलेलं. माणूस खचला होता. स्कॅनर लावला तर एबीएस, एअरबॅग, बॉडी कंट्रोलर सगळे बोलत होते, इंजिनाचा ईसीयू तेवढा सापडत नव्हता. बाकीच्या कंट्रोलरमध्ये यू०१०० पडलेला, म्हणजे इंजिनाशी संपर्क तुटला. ईसीयू मेला म्हणायला हा पुरावा लोकांना पुरतो. पण जिवंत माणसाच्या घराची फोनची वायर तुटली तरी फोन लागत नाहीच.

पूर्वी हॉर्नची एक वायर, हेडलाइटची एक वायर, वायर धरून चालत गेलं की दोष सापडायचा. आता गाडीतले सगळे कंट्रोलर एकमेकांत पीळ दिलेल्या दोनच वायरींवर बोलतात. या पद्धतीला कॅन म्हणतात, बॉशनं ती १९८६ मध्ये जगापुढे मांडली. या जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढायचं, पाचेक मिनिटं थांबायचं आणि ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांत मल्टिमीटर लावायचा. दोन रेझिस्टर समांतर, म्हणून ६० ओहम यायला पाहिजे. १२० आलं तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ आलं तर दोन्ही वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्यात. शिक्षकांच्या गाडीत मीटरनं ११९ दाखवलं.

त्या गाडीत एक रेझिस्टर मीटर कन्सोलमध्ये आणि दुसरा ईसीयूमध्ये होता. कन्सोल बोलत होतं, म्हणजे तुटलंय ते ईसीयूच्या बाजूला. बॅटरीचा ट्रे उतरवला, खालच्या हार्नेसची काळी टेप बोटाएवढी सोलली आणि आत दोनपैकी एक वायर कुरतडून तोडलेली दिसली. तांबं हिरवं पडलेलं, शेजारी उंदराच्या लेंड्या. गुरुजींची गाडी उसाच्या शेताला लागून पत्र्याच्या शेडमध्ये उभी असायची, पाऊस लागला की उंदीर तिथं ऊब शोधायला येणारच. सोल्डर केलं, हीट श्रिंक चढवलं, आणि पीळ होता तसा परत घातला. पीळ सोडून सरळ टेप गुंडाळणारे वायरमन मी पाहिलेत. बाहेरचा विजेचा गोंधळ दोन्ही वायरींवर सारखा पडावा आणि वजा व्हावा, यासाठी तो पीळ असतो. तो सोडला तर गाडी आज चालू होते आणि महिन्यानं कधीतरी मधेच बंद पडते. परत मोजलं, ६०.१. चावी फिरवली, सेल्फ मारला.

गुरुजींकडून मी दीड तासाची मजुरी आणि निदानाचे पाचशे घेतले. ईसीयू बदलला असता तरी गाडी चालू झाली नसती.

म्हणून म्हणतो, पहिली खरेदी चांगला मल्टिमीटर आणि तो वापरण्याची शिस्त. त्यातही व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट गळतात ते मोजायला शीक. ‘सेन्सर गेला’ म्हणून आलेल्या पुष्कळ गाड्यांच्या मुळाशी मला गंजलेला अर्थ, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह गाडीच्या लोखंडाला जोडणारा सांधा सापडलाय. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिन ब्लॉकच्या कोऱ्या लोखंडाला लावायचं आणि मदतनिसाला सेल्फ मारायला सांगायचं. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की अर्थ स्ट्रॅप उतरव, दोन्ही बाजू घासून परत कस. नुसती ओहमवर कंटिन्युइटी बघून अर्थ चांगला म्हणू नकोस. एक धागा शिल्लक असलेली वायरही ओहमवर शून्य दाखवते, आणि शंभर-दीडशे अ‍ॅम्पिअर मागितले की ढेपाळते.

आणि जुना बल्बवाला टेस्ट लॅम्प ईसीयूच्या वायरींपासून लांब ठेव. तो बल्ब जेवढा करंट ओढतो, तेवढा सहन न होणारी नाजूक सर्किटं ईसीयूत असतात. वायरीच्या कातडीत सुई टोचून बघायची सवयही मोड. कोकणातून येणाऱ्या गाड्यांत त्या एका टोचलेल्या भोकातून पाणी शिरून वायर आतून खाल्लेली मी किती वेळा कापून टाकलीय. कनेक्टरच्या मागच्या बाजूनं बारीक पिन सरकवून मोजता येतं.

मल्टिमीटरवर हात बसला की ऑसिलोस्कोप, विजेचा चढउतार पडद्यावर काढून दाखवणारा. हे उपकरण बघून वडील घाबरतील, पण त्यांना सगळ्यात आधी पटेल तेही हेच. करंट मोजणारा एक क्लॅम्प बॅटरीच्या जाड केबलला लावायचा, इंजेक्टर बंद करून सेल्फ मारायचा. प्रत्येक सिलिंडर कॉम्प्रेशनला आला की स्टार्टरला जोर लागतो आणि करंटचा एक उंचवटा पडद्यावर उमटतो. चार सिलिंडर, चार उंचवटे, सारख्या उंचीचे. एक ठेंगणा दिसला की त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी आहे. प्लग न काढता, हेड न खोलता, दहा सेकंदांत. माझे मिस्त्री हेच सेल्फच्या आवाजावरून ओळखायचे, ‘र्र-र्र-र्र-रं’ मधला तो शेवटचा ढिला रं ऐकून. तुझ्या वडिलांचा कान असाच तयार असणार. त्यांना पडद्यासमोर उभं कर आणि त्यांनी ऐकलेला आवाज आणि पडद्यावरचा उंचवटा जुळवून बघ. कान खोटा ठरत नाही. फक्त गिऱ्हाईकाला आता कानाचा पुरावा दाखवता येत नाही, पडद्याचा फोटो पाठवता येतो.

डिझेलबद्दल मात्र वडिलांशी नीट बसून बोल, कारण इथं जुनी सवय जीव घेते. जुन्या पंपाच्या डिझेलला एअर धरली की आपण इंजेक्टरची लाइन ढिली करून सेल्फ मारायचो, डिझेल उडायचं, हात पुसायचो. आताच्या कॉमन रेल डिझेलमध्ये, जिथं सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून डिझेल जातं, रेल प्रेशर १६०० बारपर्यंत आणि काही इंजिनांत त्याच्याही वर जातं. त्या दाबाची बारीक धार कातडी फोडून डिझेल आत घुसवते. जखम टाचणीएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, आणि काही तासांत बोट कापायची वेळ येते. असं झालं तर मलम लावत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल, आणि डॉक्टरांना ‘दाबानं डिझेल आत गेलंय’ हे शब्द सांगायचे. चालू इंजिनावर रेलचा एकही नट सोडायचा नाही, गळती हातानं चाचपायची नाही.

त्याच गाड्यांत इंजेक्टर नुसता बदलून भागत नाही. त्याच्या डोक्यावर अंक-अक्षरांचा कोड कोरलेला असतो, तो इंजेक्टर किती थेंब जास्त-कमी सोडतो त्याची ती पत्रिका. तो कोड ईसीयूत लिहावा लागतो. न लिहिता बसवला की गाडी चालते, पण खडखड वाजते आणि धूर टाकते, मग दोष नव्या इंजेक्टरवर ढकलला जातो. बीएस-६ डिझेलला वर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आहे. त्यात साठलेली काजळी सहाशे अंशांच्या आसपास जळते, आणि त्यासाठी गाडी सलग पळावी लागते. घर ते दुकान आणि दुकान ते घर एवढंच चालणाऱ्या गाडीत ती जळत नाही. इंजिन काजळी जाळायला जादा डिझेल सोडतं, अर्ध्यावर बंद केलं की ते डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर दिसलं तर खूश होऊ नकोस, वास घे. आणि ‘डीपीएफ काढून टाकतो’ म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नकोस. ते बेकायदा आहे, आणि ज्या गल्लीत तो धूर जातो तिथं आपलीच पोरं राहतात.

स्कॅनर खरोखर कुठे लागतो, तर बसवलेला पार्ट गाडीला ‘शिकवायला’. एएमटी, म्हणजे क्लच-गिअर आपोआप टाकणाऱ्या गाडीचा क्लच बदलला की किस पॉइंट, म्हणजे क्लच नेमका कुठे धरतो ते शिकवावं लागतं, नाहीतर गाडी पहिल्या गिअरला उड्या मारते. थ्रॉटल बॉडी साफ केली की आयडल शिकवावं लागतं. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकच्या गाडीत मागचे पॅड बदलायला कॅलिपरची मोटर सर्व्हिस मोडमध्ये न्यावी लागते. जोर लावून पिस्टन आत ढकलला तर मोटर तुटते, आणि ती पॅडच्या कितीतरी पट महाग. स्टेअरिंग अँगल सेन्सर, नवी चावी, काही गाड्यांत नवी बॅटरीसुद्धा नोंदवावी लागते. म्हणून स्कॅनर घेताना ‘किती गाड्यांचे कोड वाचतो’ हे विचारू नकोस. तुझ्या गावात सगळ्यात जास्त चालणाऱ्या पाच-सहा मॉडेलची नावं घेऊन जा, आणि त्यांच्यावर ही कामं करून दाखवायला सांग. अपडेटचे पैसे दर वर्षी किती, हेही आधीच विचार. दीड लाखाचं यंत्र अपडेट न भरल्यानं तिसऱ्या वर्षी मुकं झालेलं मी पाहिलंय.

काचेमागे कॅमेरा आणि बंपरमध्ये रडार असलेल्या गाड्यांचं काम सध्या तरी तू अंगावर घेऊ नकोस. काच बदलली, बंपर उतरवला किंवा सस्पेन्शनची उंची हलली की त्यांचं कॅलिब्रेशन करावं लागतं. त्याला सपाट मोकळी जागा, कंपनीनं ठरवलेले फलक आणि मिलिमीटरमध्ये अंतरं लागतात. कॅमेरा एका अंशानं वाकडा बसला तर शंभर मीटरवर त्याचा नेम पावणेदोन मीटरनं चुकतो, आणि आपल्या हायवेची एक लेन साडेतीन मीटरची. शेजारच्या लेनमधला ट्रक आपल्या पुढे आहे असं गाडीला वाटेल, किंवा पुढचा नाहीच असं वाटेल. काच बसवणाऱ्याला मात्र हे सांगत जा, आणि तुझ्याकडे अशी गाडी आली तर गिऱ्हाईकाला लेखी सांगून योग्य ठिकाणी पाठव.

आता इलेक्ट्रिक. जानेवारी २०२० मध्ये नेक्सॉन ईव्ही बाजारात आली आणि तेव्हापासून या गाड्या आपल्यासारख्या शहरांत रोज दिसायला लागल्या. वडिलांना वाटतं त्यात आपल्याला काही कामच नाही. ऑइल, फिल्टर, प्लग, क्लच गेला हे खरं. पण या गाड्या जड असतात आणि मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून मिळतो, म्हणून टायर आणि सस्पेन्शन दमतात. ब्रेक उलट कमी वापरले जातात, कारण पाय उचलला की मोटरच गाडी थांबवते. परिणामी पॅड झिजत नाहीत, पण डिस्क गंजते आणि कॅलिपरच्या पिना जाम होतात, पावसाळ्यानंतर विशेष. रस्त्यात बंद पडलेल्या इलेक्ट्रिक गाडीकडे गेलास तर मोठ्या बॅटरीचा विचार करण्याआधी साधी १२ व्होल्टची बॅटरी मोज. ती बसली की मोठ्या बॅटरीचा कॉन्टॅक्टर, म्हणजे तिला गाडीशी जोडणारा स्विच ओढलाच जात नाही, आणि भरलेली गाडी मेल्यासारखी उभी राहते. यातलं एकही काम तुला परकं नाही.

पण मोठ्या बॅटरीच्या नारिंगी वायरीला हात लावायचा नाही. या गाड्यांत तीनशे-चारशे व्होल्ट डीसी असतं, आणि त्याचा झटका जीव घेऊ शकतो. मी हे काम सुरू करण्याआधी कोर्स केला. आता आयटीआयमध्ये मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल असा स्वतंत्र ट्रेडच आहे, तुझ्या जवळच्या आयटीआयमध्ये चौकशी कर. कोर्स होईपर्यंत माझ्याकडे पोरं काय करतात ते सांगतो, म्हणजे किती शिस्त लागते ते कळेल. हजार व्होल्टचे रबरी हातमोजे कामाला घ्यायच्या आधी दर वेळी मनगटापासून गुंडाळत आणून आत हवा कोंडायची, फुगलेलं बोट कानाजवळ धरायचं. बारीक सूं ऐकू आलं की हातमोजा केराच्या डब्यात. वरून चामड्याचे मोजे. गाडी बंद, चावी गाडीपासून लांब कपाटात. १२ व्होल्ट काढायचं, मोठ्या बॅटरीची जोडणी तोडणारा सर्व्हिस प्लग ओढायचा, आणि तो ज्यानं ओढला त्याच्याच खिशात ठेवायचा. मग मॅन्युअलमध्ये लिहिलीत तेवढी मिनिटं घड्याळ लावून थांबायचं, इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमधला चार्ज उतरेपर्यंत. मग मीटर आधी चालू असलेल्या सप्लायवर लावून बघायचा, मग गाडीवर, मग परत चालू सप्लायवर. मधे शून्य दाखवणारा मीटर बिघडलेला नव्हता, याची ती खात्री. माझ्याकडे एका पोरानं ‘मालक, शून्य आहे’ म्हणून सांगितलं आणि तिसरी पायरी गाळली. मीटरच बिघडलेला निघाला. प्लग निघालेला होता म्हणून निभावलं. त्या दिवसापासून तीन पायऱ्यांवर तीन सह्या असतात.

एक चूक एसीवाल्यांकडून होते, ती तू करू नकोस. इलेक्ट्रिक गाडीचा एसी कॉम्प्रेसर मोठ्या व्होल्टेजवर चालतो आणि त्यात वीज न वाहणारं पीओई ऑइल असतं. नेहमीच्या गाड्यांचं पीएजी ऑइल मशीनच्या होजमध्ये शिल्लक राहतं, तेवढं जरी आत गेलं तरी इन्सुलेशन कमी होतं आणि गाडी वीजगळतीचा इशारा देऊन बसते. मशीन वेगळं ठेव, नाहीतर ते काम घेऊ नकोस.

वडिलांचं एक म्हणणं मला पटतं. कंपन्या माहिती देत नाहीत. वायरिंग डायग्राम नाही, नट किती कसायचे तो टॉर्क नाही, काही गाड्यांत सिक्युरिटी गेटवे, म्हणजे कंपनीच्या लॉगिनशिवाय साधा कोडही पुसता येत नाही. आपल्याला अडवतंय ते मशीन नाही, हे कुलूप आहे. पण यात आपली बाजू कायद्यात अगदीच पडकी नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला, तो याच कारणावरून, की सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू दिली जात नाहीत. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, चुकीच्या दुरुस्तीनं जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच करता येईल, असंही त्या आदेशात होतं. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं, त्यात वाहन क्षेत्रही आहे. पोर्टलवर आज तुझ्या मॉडेलचा डायग्राम मिळेलच असं नाही, तरी मागत राहा. गावातली पाच-सहा गॅरेज मिळून एखादं पैसे भरून मिळणारं डायग्रामचं सबस्क्रिप्शन घ्या. आम्ही घेतलंय. शेजारचा गॅरेजवाला शत्रू मानायची चैन आता परवडत नाही.

पैशाचं बोलतो. ‘नुसतं बघायचे पाचशे?’ असं गिऱ्हाईक म्हणणार. आपल्याकडे पार्टचे आणि पान्याचे पैसे देतात, डोक्याचे देताना हात आखडतो. मी सुरुवातीला निदान फुकट करायचो आणि कामात वसूल करायचो. त्यातून एक घाणेरडी सवय लागते. काहीतरी बदलल्याशिवाय पैसे मिळत नाहीत, म्हणून काहीतरी बदललं जातं. त्या सेडानचे दोन ऑक्सिजन सेन्सर असेच बदलले गेले असणार. आता मी आधीच सांगतो, तासाभराचं निदान पाचशे, सापडलेलं कागदावर लिहून देईन, दुरुस्ती दुसरीकडे केली तरी चालेल. पहिल्या वर्षी काही गिऱ्हाइकं गेली. त्यातली बरीचशी परत आली, आणि आता तीन गॅरेजवाले त्यांच्या अडलेल्या गाड्या माझ्याकडे पाठवतात.

तर क्रम असा ठेव. चांगला मल्टिमीटर, बॅक-प्रोब पिना आणि डीसी क्लॅम्प मीटर आधी. त्याबरोबर साधा डोंगल, लाइव्ह डेटा वाचायची सवय लागण्यापुरता. सहा महिन्यांनी स्मोक मशीन. ते घरी बनवणारेही आहेत, पण दाब मर्यादेत ठेवणारं घे, नाहीतर सील उडतात. मग दोन चॅनेलचा का होईना, ऑसिलोस्कोप. आणि मग तुझ्या पाच-सहा मॉडेलवर खरोखर चालणारा स्कॅनर, तोवर तुझा तुलाच कळलेला असेल.

पण यातलं काहीही विकत घेण्याआधी उद्या सकाळी एक दोनशे पानी वही आण. सर्व्हिसिंगला आलेल्या प्रत्येक चांगल्या, तक्रार नसलेल्या गाडीचे आकडे तिच्यात उतरव. मॉडेल, साल, किलोमीटर. इंजिन गरम झाल्यावर आयडलला शॉर्ट आणि लाँग ट्रिम, एमएएफ किंवा एमएपी, इंजिन बंद असताना आणि चालू असताना बॅटरीचं व्होल्टेज, सेल्फ मारताना व्होल्टेज किती खाली गेलं, डिझेल असेल तर रेल प्रेशर आयडलला आणि २५०० ला. एका गाडीला दहा मिनिटं लागतात. आजारी गाडीचे आकडे सगळेच बघतात, पण निरोगी गाडीचा आकडा माहीत नसेल तर आजारी आकडा ओळखायचा कशावरून? माझी पहिली वही २००९ ची आहे, ऑइलचे डाग पडलेली, आणि आजही एखादी जुनी गाडी अडली की ती काढून बघतो. प्रत्येक पानाच्या उजव्या कडेला एक रिकामी जागा सोड आणि तिथं वडिलांना त्यांच्या शब्दांत लिहायला सांग, की इंजिन कसं वाजत होतं.